‘मॅडम, दिवसभर वाचतच बसत असाल ना?’

(युवक-युवतींसाठी घेतलेल्या करिअर शिबिरात एका महाविद्यालयीन ग्रंथपालांनी केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



शिबिराच्या आयोजकांचा मला फोन आला तेव्हा ते म्हणाले, “आपा, डॉक्टर येतायत, वकील येतायत, स्पर्धा परीक्षेचे सर येतायत. तुम्हीही या.” मी विचारलं, मी काय बोलू? थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, “वाचनाचं महत्त्व सांगा ना.” आता बघा, डॉक्टरांना कुणी आरोग्याचं महत्त्व सांगा म्हणत नाही. त्यांना प्रवेश कसा मिळतो, खर्च किती येतो, पैसे किती मिळतात हे विचारतात. ग्रंथपाल आली की मात्र वाचनाचं महत्त्व! त्यामुळे आज मी ते सांगणार नाही. तुम्ही वाचता की नाही तो तुमचा प्रश्न. मी माझ्या कामाबद्दल बोलणार आहे.

दरवर्षी प्रथम वर्षाच्या मुलांना ग्रंथालय दाखवायला आणतात. मी त्यांना आधी एकच विचारते, ग्रंथपाल म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? उत्तरं ठरलेली. जाड चष्मा. एप्रिलमध्येसुद्धा स्वेटर. चाव्यांचा जुडगा. पंख्याखाली डुलकी घेणारे काका. मुली ‘शांतता राखा’ची पाटी सांगतात. एकदा एक मुलगा पटकन बोलून गेला, “ज्यांना दुसरी नोकरी मिळत नाही ते.” आणि मग त्याने जीभ चावली. मला तो आवडला. बाकीचे मनात ठेवतात, त्याने तोंडावर सांगितलं.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत १९४६ साली ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ नावाचा सिनेमा आला. त्यात नायक जन्मालाच आला नसता तर काय झालं असतं, हे त्याला दाखवतात. गाव बिघडलेलं, भाऊ मेलेला, आणि बायको? तिचं लग्न झालेलं नाही आणि ती ग्रंथपाल झालेली आहे! म्हणजे बाईच्या आयुष्याचं याहून वाटोळं ते काय. पुढे २००३ साली सिएटलमधल्या नॅन्सी पर्ल या ग्रंथपाल बाईंची प्लास्टिकची बाहुली निघाली. बटण दाबलं की हात वर जातो आणि बोट ओठांवर. काही ग्रंथपाल चिडले, काहींनी विकत घेऊन टेबलावर ठेवली. मला मिळाली तर मीही ठेवीन.

आता एक कबुली देते. या ठोकळेबाज चित्राचा मला फायदा झालेला आहे. बी.ए. झाल्यावर पुढे शिकायचं म्हटलं तेव्हा अब्बा गप्प होते, पण घरात निर्णय मामूंचा. मामूंनी विचारलं, कसला कोर्स? मी म्हटलं, ग्रंथालयशास्त्र. मामू खूश. “चांगलं आहे. शांत काम. कपाटं सांभाळायची, कुणाशी बोलायचं नाही, पुरुषांची वर्दळ नाही.” मी मान हलवली. मला तरी कुठे जास्त माहीत होतं!

पहिली नोकरी लागली एका तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात. सकाळी आठला दार उघडलं तर बाहेर पंचवीस-तीस माणसं उभी, बहुतेक सगळे निवृत्त पुरुष. दार उघडताच सगळे वर्तमानपत्रांच्या टेबलाकडे. एका पेपरची पानं चार जणांत वाटलेली, आणि अग्रलेखाच्या पानावरून दोन गुरुजींचं भांडण. त्यातल्या एकाने वळून मला विचारलं, “नवीन का? नाव काय?” मी नाव सांगितलं. “अरे वा, मराठी छान बोलता तुम्ही!” मी म्हटलं, “काका, माझी आजीसुद्धा मराठीच बोलायची. तुम्हीही बरं बोलता.” त्या दिवसापासून ते माझे पक्के वाचक झाले. शांत काम आणि वर्दळ नाही, हे दोन्ही पहिल्या दहा मिनिटांतच निकालात निघालं.

या कामाविषयी सगळ्यात मोठा गैरसमज ज्यांचा होता, त्यांचीच गोष्ट सांगते. शियाळी रामामृत रंगनाथन. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतात. १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन असतो तो त्यांच्या नावाने. हे गृहस्थ मुळात मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवायचे. १९२३ साली मद्रास विद्यापीठाने पहिला ग्रंथपाल नेमायचं ठरवलं. पगार बरा होता, मित्रांनी अर्ज करायला लावला. नेमणूक झाली आणि थोड्याच दिवसांत रंगनाथन वैतागले. मोठी खोली, पुस्तकं, आणि बोलायला कुणी नाही. ते परत कॉलेजात गेले आणि म्हणाले, मला वर्गावर घ्या, हे माझ्याच्याने होणार नाही. शेवटी असं ठरलं की त्यांनी लंडनला जाऊन हे शास्त्र शिकावं, आणि तरीही नको वाटलं तर परत शिकवायला यावं. तिकडे त्यांनी पुष्कळ ग्रंथालयं पाहिली. त्यांना दिसलं की तिथे मुलं येतात, कामगार येतात, बायका येतात, आणि ग्रंथपाल त्यांच्याशी बोलत असतात. एका दुकानात त्यांनी मेकॅनोचं खेळणं पाहिलं. थोड्याच पट्ट्या आणि स्क्रू, पण जोडू तशी नवी वस्तू. त्यातून त्यांना पुस्तकांच्या वर्गीकरणाची कल्पना सुचली. तीच त्यांची द्विबिंदू पद्धती, १९३३ साली छापली गेली. १९२५ ला ते परत आले ते ग्रंथपाल म्हणूनच. म्हणजे ज्याने आम्हाला हे शास्त्र दिलं, त्यालाही आधी ही खोलीत बसायची शिक्षाच वाटली होती. तुम्हाला वाटली तर नवल नाही.

आता काम. मी दिवसभर वाचते का? नाही. नवीन पुस्तकं आली की बिलाशी ताडून पाहायची, दाखल नोंदवहीत चढवायची, क्रमांक टाकायचा, विषय ठरवायचा, संगणकात नोंद करायची. वाळवी आणि कसर यांच्याशी कायमचं युद्ध. वर्षातून एकदा पडताळणी, म्हणजे हजारो पुस्तकं एकेक करून मोजायची. हरवलेल्या पुस्तकांचं निर्लेखन करायचं तर समितीपुढे उत्तरं द्यायची. हे सगळं माझ्या नोकरीचं अर्धं काम, आणि कंटाळवाणं अर्धं. ते लपवत नाही.

दुसरं अर्धं काउंटरच्या पलीकडून येतं. एक उदाहरण देते. एक मुलगा आला, म्हणाला, “मॅडम, बागवान समाजाचा इतिहास असलेलं पुस्तक द्या.” आमच्याकडे जिल्ह्याचं जुनं गॅझेटिअर होतं, ते काढून दिलं असतं तर माझं काम झालं असतं. पण त्याच्या तोंडावर इतिहासाची आवड काही दिसत नव्हती. मी विचारलं, कशासाठी हवंय रे? मग हळूहळू बाहेर आलं. इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी ओबीसीचा दाखला हवा होता. कुणीतरी सांगितलं होतं, जातीचा पुरावा आण. त्याला वाटलं, पुरावा म्हणजे पुस्तक.

पुस्तकाचा त्याला काडीचा उपयोग नव्हता. महाराष्ट्रात ओबीसीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख धरतात; त्याआधीचं घराण्याचं वास्तव्य आणि जात दाखवणारा कागद लागतो. मी विचारलं, आजोबा शाळेत गेले होते का? म्हणाला, दुसरीपर्यंत, उर्दू शाळेत. शाळा आहे अजून? आहे. मग तिथे जाऊन जनरल रजिस्टरचा उतारा मागायचा. त्यात नुसतं ‘मुसलमान’ लिहिलेलं निघालं तर पणजोबांच्या गावच्या कोतवाल बुकाची नक्कल काढायची, आणि ती मोडीत असली तर वाचून लिप्यंतर करून देणारा माणूस शोधायचा. हे सगळं मी त्याला एका कागदावर लिहून दिलं. रजिस्टरात खरंच नुसतं ‘मुसलमान’ होतं. कोतवाल बुकात जात सापडली. दाखला मिळाला, पण त्या वर्षीचा प्रवेश हुकला. पुढच्या वर्षी झाला.

याला आमच्या भाषेत संदर्भ सेवा म्हणतात. माणूस जे मागतो आणि त्याला जे हवं असतं, यात अंतर असतं. ते अंतर कमी करणं हे कौशल्य आहे, आणि ते तोंड बंद ठेवून येत नाही. मामूंचं ‘कुणाशी बोलायचं नाही’ मला अजून आठवतं. गूगल आहे, आता तुमची काय गरज, असं मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. त्या मुलाने गूगलला काय विचारलं असतं? बागवान समाजाचा इतिहास. आणि गूगलने तो दिलाही असता.

आता वर्गीकरणाबद्दल, कारण ते तुमच्याशी जरा जास्त संबंधित आहे. पुस्तकाच्या पाठीवर जो आकडा असतो तो कुणीतरी ठरवलेला असतो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ड्युई दशांश पद्धत चालते, अमेरिकेतल्या मेल्विल ड्युईंची, १८७६ सालची. त्यात धर्मासाठी २०० ते २९९ अशी जागा आहे. त्यातला फार मोठा भाग ख्रिस्ती धर्माला, आणि जगातले उरलेले सगळे धर्म २९० च्या दशकात दाटीवाटीने. हिंदू २९४.५, बौद्ध २९४.३, इस्लाम २९७. म्हणजे हे आकडे देवाने दिलेले नाहीत. एका माणसाने आपल्या खिडकीतून जग जसं दिसलं तसं मांडलं.

मी सध्याच्या कॉलेजात रुजू झाले तेव्हा तिथे एक कपाट होतं. वर पांढऱ्या रंगात लिहिलेलं, ‘मुस्लीम’. उघडलं तर आत कुराणाचा मराठी अनुवाद, ठीक आहे, त्याची जागा २९७. त्याच्या शेजारी श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’. त्याच्या शेजारी हमीद दलवाईंची ‘इंधन’ कादंबरी. मग एक उर्दू-मराठी शब्दकोश. आणि सगळ्यात खाली बिर्याणी आणि कबाबांच्या कृतींचं पुस्तक! कुणी दुष्टपणाने केलं नव्हतं. आधीच्या माणसाने लेखकाचं नाव बघितलं, कपाट बघितलं आणि ठेवून दिलं. त्यांना वाटलं असेल, मुलांना शोधायला सोपं पडेल.

पण याचा परिणाम काय होतो? मराठी संतकाव्याचा अभ्यास करणारा विद्यार्थी ८९१.४६ च्या रांगेत ज्ञानेश्वर, तुकाराम, एकनाथ पाहतो आणि शेख महंमद त्याला दिसतच नाहीत. मराठी कादंबरी वाचणाऱ्या मुलीला ‘इंधन’ भेटत नाही, कारण ती मराठी कादंबरीत नाही, ‘मुस्लीम’मध्ये आहे. आणि आपली मुलं त्या एका कपाटाशी येऊन थांबतात. मी ते कपाट मोडायचं ठरवलं. एका सहकाऱ्याने समजावलं, कशाला उगाच, विषय नाजूक आहे, लोक म्हणतील मॅडमनी मुस्लीम विभाग बंद केला. तसं म्हटलंही. आपल्यातल्याच दोघांनी प्राचार्यांकडे तक्रार केली. प्राचार्यांनी बोलावलं, मी शेख महंमदांचं पुस्तक घेऊनच गेले. पंधरा मिनिटं बोललो आणि मला परवानगी मिळाली. तीन महिने लागले. ‘योगसंग्राम’ संतांच्या रांगेत गेला, ‘इंधन’ कादंबऱ्यांत, बिर्याणी ६४१.५ मध्ये, पाककृतींच्या शेजारी. ते पुस्तक तेव्हापासून सतत बाहेरच असतं.

ग्रंथपालाने कुणाचं पुस्तक कुठे ठेवावं, हा आपल्याकडे काही नवा प्रश्न नाही. बगदादमध्ये दहाव्या शतकात इब्न अल-नदीम नावाचा माणूस होता. पुस्तकविक्रेत्याचा मुलगा, स्वतःही त्याच व्यवसायातला. त्याने ९८७ च्या सुमारास ‘अल-फिहरिस्त’ नावाची सूची केली. अरबी भाषेत मिळणारी सगळी पुस्तकं, दहा भागांत. त्यात कुराण आणि हदीसची शास्त्रं आहेत, व्याकरण आहे, तत्त्वज्ञान आणि वैद्यक आहे. पण जादूटोणा आणि गोष्टी-किस्से यांची पुस्तकंही आहेत, इतर धर्मांची आहेत, हिंदुस्थानातल्या लोकांच्या श्रद्धांबद्दलचीही माहिती आहे. त्याला यातलं सगळं पटत होतं असं मुळीच नाही. पण पुस्तक आहे ना, मग त्याची नोंद झाली पाहिजे. त्यातली कितीतरी पुस्तकं आज जगात कुठेच नाहीत. ती होती हे आपल्याला कळतं ते या माणसाच्या यादीमुळे.

आता एक गोष्ट सांगते, जी मी सहसा सांगत नाही. त्या पहिल्या वाचनालयातली. आमच्याच मोहल्ल्यातली एक मुलगी यायची. अकरावीत होती. आठवड्याला दोन पुस्तकं न्यायची, काय वाटेल ते. आत्मचरित्रं, प्रवासवर्णनं, कविता. एक दिवस तिचे वडील आले. ते स्वतःही आमचे सभासद होते, रहस्यकथांचे पट्टीचे वाचक. काउंटरवर वाकून हळू आवाजात म्हणाले, “बेटा, आमची पोरगी काय काय नेते, जरा रजिस्टर दाखव.”

मी म्हटलं, “चाचा, ते मला दाखवता येणार नाही.”

“का? मी बाप आहे तिचा.”

“तुम्ही तिलाच विचारा ना. ती सांगेल.”

“तू आपल्यातलीच ना?”

मी म्हटलं, “चाचा, तुम्ही काय वाचता तेही चाचीने विचारलं तर मी सांगणार नाही.” मला वाटलं ते हसतील. हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी मुलीची दोन पुस्तकं घेऊन आले, तिचं सभासदत्व बंद केलं, अनामत मागितली. मी नियमाप्रमाणे मोजून दिली आणि सही घेतली.

वाचकाने काय नेलं हे तिसऱ्याला सांगायचं नाही, हे आम्हाला वर्गात शिकवलेलं होतं, व्यवसायाची नीती म्हणून. तेव्हा पुस्तकाच्या खिशातल्या कार्डावर आधीच्या वाचकांची नावं कुणालाही दिसायची, तो भाग वेगळा. आता आमच्याकडे कोहा नावाची मोफत संगणक प्रणाली आहे, मूळची न्यूझीलंडची. पुस्तक परत आलं की कोणी नेलं होतं ती नोंद पुसून टाकायची सोय त्यात आहे. मी ती चालू ठेवते. पण त्या दिवशी मी जर रजिस्टर दाखवलं असतं, त्यात आक्षेप घेण्यासारखं काहीही नव्हतं, तर ती मुलगी येत राहिली असती. मी नीती पाळली आणि वाचक गमावला. मी बरोबर केलं का? पुन्हा तसंच करीन, एवढं नक्की. बरोबर होतं का, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कुणी या व्यवसायात आलात तर असा माणूस तुमच्याही काउंटरवर येणार आहे, कदाचित तुमच्याच गल्लीतला, म्हणून सांगितलं.

आता पैसे. इथे गोड बोलून उपयोग नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे. शासनमान्य ग्रंथालयं अकरा-बारा हजारांच्या घरात. अ, ब, क, ड असे वर्ग, आणि वर्गाप्रमाणे अनुदान. आकडा मोठा वाटतो. पण खालच्या वर्गातल्या ग्रंथालयाचं वर्षाचं अनुदान एवढं कमी असतं की त्यातून पुस्तकं, पेपर, वीजबिल भागवून माणसाला जे उरतं त्याला पगार म्हणायला जीभ रेटत नाही. मी स्वतः त्या पैशांवर सहा वर्षं काढली आहेत, संध्याकाळी शिकवण्या घेऊन. अनुदान वाढावं, वेतनश्रेणी मिळावी म्हणून ग्रंथालय कर्मचारी वर्षानुवर्षं मोर्चे काढतायत. शाळांत अर्धवेळ ग्रंथपाल नावाचा एक प्रकार आहे. मुलं पूर्णवेळ, शाळा पूर्णवेळ, ग्रंथपाल अर्धा. महाविद्यालयात कायम नेमणूक झाली तर विद्यापीठ अनुदान आयोगाची वेतनश्रेणी मिळते, म्हणजे प्राध्यापकांसारखीच. पण कितीतरी जागा रिकाम्या आहेत आणि भरती रखडत रखडत होते. त्यामुळे ‘ज्यांना दुसरी नोकरी मिळत नाही ते’ हे त्या मुलाचं वाक्य उलटं आहे. दुसरी नोकरी सहज मिळत असताना ही हवी म्हणून थांबलेली माणसं मी पाहिली आहेत.

तरीही यायचं असेल तर वाट अशी. कुठल्याही शाखेची पदवी, त्यानंतर एक वर्षाचं बी.लिब., मग एक वर्षाचं एम.लिब. विद्यापीठांत आहे, आणि नोकरी करत शिकायचं तर मुक्त विद्यापीठातूनही बी.लिब. करता येतं. महाविद्यालयात जायचं तर एम.लिब.ला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट. बारावीनंतर लगेच काही हवं असेल तर प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे, लहान वाचनालयासाठी तो पुरतो. संगणकाची भीती असेल तर आताच घालवा. निम्मं शिक्षण डेटाबेसचं आहे. कंपन्या, रुग्णालयं, वकिलांची मोठी कार्यालयं, वर्तमानपत्रांचे संदर्भ विभाग यांनाही माहिती नीट लावून ठेवणारी माणसं लागतात. तिथे पदाचं नाव ग्रंथपाल नसतं, काम तेच असतं. उर्दू, मराठी आणि इंग्रजी तिन्ही लिप्या वाचणारा ग्रंथपाल तर शोधून सापडत नाही. ज्या ग्रंथालयांत जुनी उर्दू-फारसी पुस्तकं पडून आहेत, तिथे त्यांची नोंद करायलाच माणूस नाही. तुमच्यापैकी कितीतरी जणांना या तिन्ही लिप्या येतात, आणि तुम्ही त्याला पात्रता समजतच नाही.

बास, माझी वेळ संपली, मागून चिठ्ठी आली आहे. चहाच्या वेळी मी खिडकीजवळच्या टेबलावर आहे. ज्यांना अर्जाची माहिती हवी त्यांनी पदवीची गुणपत्रिका सोबत असेल तर दाखवा. आणि तिसऱ्या रांगेत माझ्याच कॉलेजातला एक चेहरा दिसतोय, मघापासून मान खाली घालून बसलाय. नाव घेत नाही, आत्ताच नीतीबद्दल बोलले. सोमवारी पुस्तक आणून द्या, दंड माफ करता येईल का ते बघते.